जनाबाईच्या भिंतीचं राहिलेलं माप

मधू, फीत अजून माझ्याकडेच आहे. शिंप्याची, पिवळी, मेणकापडाची, एका टोकाला पितळेची पट्टी. तिच्यावर तुझ्या बोटांची माती आहे आणि मी ती पुसलेली नाही. पाहुणे गेले की दाराची कडीसुद्धा पुसून घेणारी मी.

तू पितळी टोक धरून जनाबाईच्या भिंतीच्या कोपऱ्याशी वाकला होतास, मी दाराच्या चौकटीशी. "ताई, ताण ना जरा," तू म्हणालास. मी ताणली, अंगठा खुणेवर ठेवला. मग फीत सैल पडली. आपलं भांडण चालू होतं, म्हणून मला वाटलं तू मुद्दाम सोडलीस. भिंतीवरची नजर न काढता मी म्हटलं, "मधू, हा पोरकटपणा आहे." माझं तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हे. तुला ते ऐकू आलं की नाही, कोणाला विचारू?

जनाबाई आतून पाण्याचा गडवा घेऊन आली. "साहेब खाली काहून बसले? पाट देतो ना," ती म्हणाली. तेव्हा मी वळून पाहिलं. तू भिंतीला पाठ टेकून बसला होतास, पाय पुढे पसरून, लहानपणी शाळेतून आल्यावर बसायचास तसा. डोळे उघडे होते. जनाबाईने गडवा खाली ठेवला नाही, तो तिच्या हातातून पडला. मी मात्र अंगठा खुणेवरून काढला नव्हता. खाणीची जीप आली, लोकांनी तुला उचललं, कोणीतरी माझ्या हातातून फीत घ्यायला लागलं तर मी म्हटलं, "थांबा, आकडा लिहायचा राहिलाय." हे मला आठवत नाही. जनाबाईने नंतर सांगितलं.

महिना होऊन गेला. अजूनही मी सकाळी दोन कप चहा टाकते, आणि दुसरा कप कोणासाठी ते लक्षात यायला मला वेळ लागतो. लोक म्हणतात, त्रास न होता गेला, पुण्यवान होता. असेल. पण वाक्याच्या मधोमध कोणी उठून जातं का रे?

हे मी तुझ्याशी बोलतेय, पण पाठवणार आहे टोरोंटोला. अनू आणि निखिलला त्यांचे मामाआजोबा गेल्याचं तारेने कळलं. ट्रंक कॉल लागला तेव्हा अनूने एवढंच विचारलं, "आजी, टाकीची पूजा करायचे ते मामाआजोबाच ना?" मी हो म्हटलं आणि लाइन तुटली. त्यांच्याकडे तुझी एवढीच एक गोष्ट आहे, आणि ती अर्धीच आहे. तिकडे बसून ती पोरं जन्मभर अर्धीच गोष्ट सांगत राहतील. तुला ते चाललं नसतं.

म्हणून पहिल्यापासून सांगते. तुला सगळं ठाऊक असलं तरी ऐकून घे.

जनाबाईचं गाव टोली, त्याच्या वरच्या अंगाला मँगनीजची खाण. खनिज काढताना नको असलेली माती आणि दगड निघतो. तो वर्षानुवर्षं एका जागी ओतून गावाच्या डोक्यावर एक डोंगर झाला. त्याला सगळे डंप म्हणत. पुढे खाणीने त्या डंपाला पायऱ्या पाडल्या, गवत लावलं, शिसवाची रोपं लावली, आणि कागदावर ती जमीन पुन्हा जमीन झाली. तिच्यावरून पावसाळ्यात किती माती वाहून खाली येते, याचा अंदाज बांधायचं काम सरकारी खात्याकडून तुझ्याकडे आलं. डंपाच्या पायथ्याशी टोलीची बोडी होती. बोडी म्हणजे छोटा तलाव, मुलांनो, आपल्याकडे धानाला पाणी तिथूनच मिळतं. बोडीखाली पहिलं शेत जनाबाईचं. माती फार येणार असेल तर डंपाच्या पायथ्याला दगडी भिंत घालायची, थोडी येणार असेल तर गवत पुरे. सगळं तुझ्या एका आकड्यावर होतं.

मुलं इथे होती तेव्हा तू त्यांना हे ताटात समजावून सांगायचास. भाताचा ढीग करायचास, त्याला बोटाने पायऱ्या पाडायचास आणि वरून वरणाची धार सोडायचास. "बघा, धार किती उंचावरून, भात किती मोकळा, उतार किती लांब आणि किती उभा, वर पांघरूण काय, आणि माणसाने कुठे आडवं काही घातलंय का. हे सगळं एकमेकांशी गुणायचं. झाला अंदाज." मग भातावर कोथिंबीर पसरून पुन्हा धार सोडायचास. निखिल जेवायचाच नाही, नुसते डंप करायचा. मी ओरडायचे. आज वाटतं, सूत्र मलाही तिथेच कळलं. मी तुझे अहवाल इंग्रजीत टाइप करून दिले होते तेव्हा कळलं नव्हतं.

सूत्रावर विसंबून राहायचं नाही म्हणून तू डंपाच्या उतारावर एक वाफा आखला होतास. तिन्ही बाजूंनी पत्रे ठोकलेले, आणि खालच्या टोकाला सिमेंटची टाकी. वाफ्यातून वाहिलेली माती त्या टाकीत साठायची. पावसाळ्यात नाला भरला की टोलीचा रस्ता बंद व्हायचा, म्हणून तुला रोज जाता येत नसे. जमेल तेव्हा जायचास, टाकीतल्या गाळाची खोली मोजायचास. शिवाय उतारावर लोखंडी सळया रोवल्या होत्यास. माती गेली की सळई उघडी पडते, किती उघडी पडली ते मोजायचं.

सळया म्हणत होत्या, माती बरीच गेली. टाकी म्हणत होती, फारशी नाही.

माझ्या खोलीत, टाइपरायटरच्या दोन बाजूंना बसून आपण किती वाद घातला. मी म्हणायचे, दोन हिशेब जुळत नाहीत तर सही कशी करतोस? तू म्हणायचास, "ताई, डंप म्हणजे नुसती ओतलेली माती. ती आपल्या वजनाने खाली बसते. सळई उघडी पडली म्हणजे माती वाहूनच गेली असं नाही. टाकी मात्र खोटं बोलत नाही. जे आलं ते आत आहे." हे बरोबरच होतं. अजूनही मला त्यात खोट काढता येत नाही. तू टाकीचा आकडा धरलास, दगडी भिंत वगळली गेली, गवत राहिलं.

आणि टाकीवर तुझा विश्वास का बसला होता, तेही मला माहीत आहे. टाकीच्या काठावर तुला दर वेळी हळदकुंकू दिसायचं. कधी एखादं झेंडूचं फूल. गाळ कसा, तर तळव्याने सारखा केल्यासारखा गुळगुळीत. पहिल्यांदा पाहिलंस त्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलास तेव्हा तुझा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "ताई, गाव माझ्या टाकीची पूजा करतं. सरकारी टाकीची. असं कुठे ऐकलंस?" पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणात तू ते सांगितलंस. सरकारचं काम लोक कधी आपलं मानत नाहीत, पण टोलीने मानलं. मुलांना तर ती गोष्ट झोपताना लागायची.

त्या हळदकुंकवाबद्दल गावात कोणाला तू कधी काही विचारलं नाहीस. पूजेचं कारण विचारणं बरं दिसत नाही, म्हणालास. आपल्यावर संस्कारच तसे.

मला यंदाचा चैत्र आठवतो. जनाबाईच्या नातीचं लग्न होतं आणि तिने आपल्याला आग्रहाने बोलावलं होतं. तुला निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हापासून टोलीला गेलाच नव्हतास. रस्त्यात बोडी दिसली तेव्हा तू बस थांबवायला सांगणार होतास. बोडीत गुडघाभर पाणी होतं आणि मधोमध बेशरमाची झुडपं उगवली होती. तू म्हणालास, "उन्हाळा आहे."

मांडवात जनाबाई तुला घेऊन घर दाखवत फिरली. भिंती छुईने म्हणजे पांढऱ्या मातीने पोतलेल्या, आणि खाली हातभर रुंदीचा गडद जांभळट काळा काठ, लुगड्याच्या काठासारखा रेखलेला. सगळ्या टोलीत असे काठ होते. ते तू पूर्वीही पाहिले होतेस आणि दर वेळी तोंडभर कौतुक केलं होतंस.

"जनाबाई, हा रंग आणता तरी कुठून?" तू विचारलंस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"आता बोडीतला गाळ लावतो, साहेब. पण त्याले ते चमक नाही. तुमच्या टाकीतली माती म्हंजे मलईवानी होती."

"माझ्या टाकीतली?"

"हो ना. दर पंधरवड्याले आमी बाया जात होतो. टोपल्या भरभरून आनत होतो."

पंगतीत वाढणारी एक बाई हसून म्हणाली, "अख्खी टोली तुमच्या मातीनं पोतली, साहेब. तुमची टाकी फुटली तवा आमच्या भिती रांडावल्या."

"पण तिथे तर हळदकुंकू असायचं," तू म्हणालास.

"मंग? धरतीतून माती घेतली त हळदकुकू नाही वाहाचं?" जनाबाईला तुझं नवल वाटलं. "मागून नेलं, साहेब. चोरून नाही. अन् नेल्यावर खड्डा ठेवत नाही आमी. हातानं सारखं करून देत होतो. साहेब येतील, त्याईले बरं दिसलं पायजे."

मधू, तुझ्या हातात पत्रावळ होती आणि तिच्यावर बुंदी. तू ती दोन्ही हातांनी धरून उभा राहिलास. कोणी बस म्हटलं तरी बसला नाहीस. मी तुला लहानपणापासून ओळखते. तू नापास झालास तेव्हा, आई गेली तेव्हा, तुझं लग्न मोडलं तेव्हा, प्रत्येक वेळी मी तुझा चेहरा पाहिला आहे. असा कधीच पाहिला नव्हता. आपल्या तुमसरच्या स्टँडवर उतरून रिक्षात बसल्यावर तू म्हणालास, "ताई, ती पूजा नव्हती."

मी म्हटलं, "होती. तुझ्या टाकीची नव्हती, एवढंच."

तू हसशील असं वाटलं होतं. तू म्हणालास, "वाफा केवढासा. त्याच्यातली एक टोपली गेली म्हणजे सगळ्या डंपाच्या किती गाड्या हिशेबातून सुटल्या, कळतं का तुला? बोडी मी बुजवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शिवणाच्या डब्यातून तू फीत उचललीस.

मला आधी वाटलं, तुला धक्का सहन झाला नाही. भिंती मोजून माती कळते का कुठे? तू जनाबाईच्या शेजारणीच्या पडक्या गोठ्याचा एक पोपडा घेऊन आलास आणि माझ्या टेबलावर, स्वच्छ टेबलक्लॉथवर ठेवलास. "कडेने बघ." कडेने पाहिलं तर थरावर थर. काळा, पांढरा, काळा, पांढरा. दर दिवाळीला खाली काळा काठ, त्यावर पुढच्या वर्षी आधी छुईचा हात, मग पुन्हा काळा. टाकीच्या मातीचा थर चमकदार, बोडीच्या गाळाचा मंद. वर्षं वेगळी ओळखू येत होती. "टाकीतून गेलेली माती कुठे गेली नाही, ताई. ती भिंतींवर आहे. लांबी, रुंदी आणि जाडी. मोजता येते."

तुझ्या चेहऱ्यावर आपल्या लहानपणीचा, पवनीच्या घरातला मधू परत आला होता. पूर ओसरताना वैनगंगेचं गढूळ पाणी लोट्यात भरून खिडकीत ठेवायचास. सकाळी तळाशी बसलेला गाळ काडीने मोजायचास. आई म्हणायची, "काहून रे, नदी मोजून राहिला का तू?" आणि तू म्हणायचास, "हो." मला तेव्हा हसू यायचं. तुझ्यामुळे मला एक सवय लागली, मधू, कोणतीही गोष्ट निवळू द्यायची. शाळेत शिकवताना मुलींच्या तक्रारी मी तशाच ऐकत आले. ती तुझी देणगी आहे हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं असतं हे कुठे माहीत होतं.

तू खाणीला आणि खात्याला पत्र लिहिलंस की तुझा जुना आकडा चुकला आहे आणि नवा देतोस. पावसाच्या आधी ते लोक टोलीला येऊन पाहतील असं उत्तर आलं. कारण खाणीला डंप अजून वाढवायचा होता, बोडीच्याच बाजूला, आणि त्यासाठी तुझा जुना अहवाल पुढे केला जात होता. दगडी भिंत झाली नाही तर दोनेक पावसाळ्यांत बोडी सपाट होणार आणि जनाबाईचं धान कोरडं राहणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. पण खात्याच्या कागदावर जे होतं त्याला उत्तर द्यायला तूच लागत होतास.

मग आपण दोघं म्हातारे भर वैशाखात घरोघर. टोलीने काय मजा केली आपली. पारावरचे दौलतबाबा रोज विचारायचे, "बाई, भितीले झंपर शिवता का? गळा मोठा ठेवजा, गर्मी हाय." बाया मात्र लगेच सामान बाजूला करून भिंत मोकळी करून द्यायच्या. कोणी ताक द्यायचं. एकीने विचारलं, "साहेब, माती वापस नेता का काय?" तू इतक्या गंभीरपणे नाही म्हणालास की ती घाबरली.

आपलं भांडण त्या पडलेल्या घरांवरून झालं. मधल्या काळात किती तरी भिंती पावसात बसल्या होत्या. त्यांच्यावरची मातीही टाकीतलीच, म्हणून ती धरली पाहिजे असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, जे उभं आहे तेच मोज. पडलेल्याचं माप कोण देणार? आणि आकड्याच्या आधी 'किमान' असा शब्द लिही.

"किमान लिहिलं की साहेब लोक किमानच धरतात," तू म्हणालास. "अंदाज म्हणजे शाळेचा पेपर नाही, ताई. पोराने लिहिलं नाही म्हणून त्याला येत नव्हतं असं नसतं."

"लिहिलं नाही त्याला मी मार्क देत नाही."

"म्हणून तुझ्या पोरी तुला घाबरायच्या."

"आणि तू न लिहिल्याला मार्क दिलेस म्हणून बोडी बुजली."

हे वाक्य मी बोलले. त्यावर तू चिडला नाहीस. म्हणालास, "नाही ताई. उलट झालं. दिसलं तेवढंच धरलं म्हणून बुजली." आणि जनाबाईच्या भिंतीकडे वळलास. ती शेवटची भिंत होती. मी घुश्शात फीत धरली. "ताई, ताण ना जरा."

पुढचं वर लिहिलं आहे.

तेराव्याला जनाबाई आली. टोलीहून तुमसरपर्यंत पहिल्या बसने, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. इतर बायांसारखी ती रडली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून म्हणाली, "बाई, शेजारचे मले म्हनून राहिले, अंगनात मानूस गेला, भित पोतून टाक. पोतल्याशिवाय सुतक फिटत नाही म्हंतेत."

"मग पोतून टाक, जनाबाई."

"कशी पोतू? माप राहिलं ना तुमचं. पोतली त खालचं कसं दिसल?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मी त्याईले म्हनली, साहेब अर्ध्यावर गेले. बाई येऊन पुरं करतील, मंग पोतीन. मले सुतक राहिलं तरी चालन."

तोवर माझ्या डोक्यात माप नव्हतंच. तू गेलास तिथे सगळं थांबलं होतं. पाहुणे होते, दिवस होते, तुझे कपडे होते, चष्मा होता. तुझं काम माझं आहे हे मला जनाबाईने सांगितलं आणि मला तिचा राग आला, खरं सांगते. त्या अंगणात पुन्हा जायचं? मी तिला म्हटलं, मला जमणार नाही. ती म्हणाली, "जमन. मी धरतो ना दुसरा टोक."

गेले. ऊन तसंच होतं. भिंत तशीच. तू घसरत खाली बसलास तिथे काठाचा पोपडा निघाला होता, तुझ्या पाठीएवढा, आणि आतले थर उघडे पडले होते. मी चौकटीशी उभी राहिले, जनाबाई कोपऱ्यात वाकली, तुझ्यासारखी. तिला फीत ताणता येत नव्हती. "बाई, तुटन ना?" "नाही तुटत. ताण." तुझाच शब्द माझ्या तोंडून निघाला.

जाडी मोजायला नवा पोपडा काढायची गरज पडली नाही. तुझ्या पाठीने काढून ठेवला होता.

मग पडलेली घरं. त्यांच्या बायांना बोलावून विचारलं, भिंत कुठून कुठवर होती? त्या चालून दाखवायच्या. "इथं चूल, इथं माही सासू निजे, इथून इथवर काठ." मोकळ्या जागेत एकेक बाई नसलेल्या भिंतीच्या कडेने चालत होती आणि मी मागून फीत धरून. वाटलं, तू हे पाहायला हवं होतंस. मग वाटलं, तूच तर पाहिलं होतंस, मला दिसत नव्हतं. आकडा दोन्ही मिळून लिहिला, उभ्या भिंतींचा आणि पडलेल्यांचा. आणि आधी 'किमान' लिहिलं. त्यावर मी ठाम आहे. हे भांडण आपलं मिटलेलं नाही, मिटवायची मला घाईही नाही.

खात्याचे साहेब आले ते तरुण होते, खाणीचा एक इंजिनिअर बरोबर. कागद वाचून ते इंग्रजीत म्हणाले की मॅडम, तुम्ही तुमच्या भावाच्याच सहीचा आकडा खोडताय, याने त्यांच्या नावाला बट्टा लागेल. तुझं नाव एवढंच तर उरलं आहे माझ्याकडे. मी इंग्रजीतच उत्तर दिलं आणि मग जनाबाईला कळावं म्हणून मराठीत सांगितलं. "खोडला त्यानेच. जुनाही त्याचा, नवाही त्याचा. मी फक्त बेरीज केली."

इंजिनिअर म्हणाला, भिंतीवरचा रंग हा काय पुरावा? साहेब खिशातून छोटा चाकू काढून खाली बसले, तुझ्या जागी, आणि थर सुटे करून पाहू लागले. किती तरी वेळ. बाया मागे उभ्या राहून बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, टाकीतून माती नेली हे तेव्हा का नाही सांगितलं?

"कोनी इचारलंच नाही," जनाबाई म्हणाली. "आता नवीन टाकी बांधसान त झाकन लावा, साहेब. नाही त आमी नेऊ. माती चांगली हाय."

साहेब हसले. मीही हसले, मधू. तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि तुझ्या जागेशेजारी उभं राहून. हसल्याचाच धक्का बसला मला.

बोडीच्या बाजूने दगड पडायला लागले आहेत. पायाचा चर खणून झालाय. डंप त्या अंगाला वाढवायचं तूर्त थांबवलं आहे. मृगाच्या आत भिंत पुरी होते की नाही कोणी सांगत नाही, आणि बोडीत बसलेला गाळ काढायला टोलीलाच फावडी धरावी लागणार आहेत. जनाबाई म्हणते, शेतात टाकू, धान चांगला येईल. तुझं 'थोडी माती' आता खात्याच्या कागदावर नाही. तिथे तुझं नाव आहे, नव्या आकड्यापुढे.

अनू, निखिल, तर टाकीची गोष्ट अशी आहे. पूजा होती, ती जमिनीची. तुमच्या मामाआजोबांना ते उशिरा कळलं, पण कळल्यावर ते दुसऱ्या दिवशी सकाळीच फीत घेऊन निघाले. कोणाला सांगाल तेव्हा एवढी सांगा.

काल परत टोलीला गेले होते. जनाबाईने भिंत पोतून घेतली आहे. वर छुई, खाली बोडीच्या गाळाचा काठ, ओला होता अजून. कोपऱ्याकडून सरळ येतो आणि मधे थांबतो. तुझी पाठ टेकली होती तेवढी जागा तिने सोडली आहे, पोपडा निघालेली, थर उघडे. मग पुढे काठ पुन्हा सुरू होतो. जागेच्या वर तिने हळदकुंकवाची दोन बोटं ओढली आहेत.

माझा हात पुढे गेला, मधू. तुला माझी सवय माहीत आहे. अर्धवट राहिलेलं मला बघवत नाही. बादलीत पोतारा भिजत होता.

"राहू द्या बाई," जनाबाई म्हणाली. "तेवढी राहू द्या." मग जरा काळजीने, "पन ते मोजलं ना तुमी?"

"मोजलं," मी म्हटलं.